कॅल्साइटमधले अॅगारोजचे तंतू कसे पाहावेत?

प्रश्न: अॅगारोजच्या (समुद्री शेवाळातल्या शर्करा-साखळ्यांच्या) जेलमध्ये वाढवलेल्या कॅल्साइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकाचा) काप ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लगेच भोकं पडतात. तंतू कोणते, भोकं कोणती?

उत्तर १: इलेक्ट्रॉन शलाकेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम ऑक्साइड उरतं. इलेक्ट्रॉनांची मात्रा कमी ठेवा, फोकस शेजारच्या भागावर लावा. स्टेममध्ये (बारीक शलाका नमुन्यावर फिरवण्याच्या पद्धतीत) वर्तुळाकार डार्क-फील्ड डिटेक्टर (बाजूला विखुरलेले इलेक्ट्रॉन टिपणारा) वापरा. हलक्या अणूंचे तंतू काळे दिसतात.

उत्तर २: पोकळीही काळीच दिसते हो! म्हणून टोमोग्राफीच (नमुना कलवत घेतलेल्या चित्रांवरून त्रिमितीय रचना काढणं) करा: −70 ते +70 अंश, दर 2 अंशांवर चित्र. तंतूंचं सलग जाळं दिसतं, भोकं सुटी. 180 पैकी उरलेल्या 40 अंशांअभावी आकार शलाकेच्या दिशेने ताणला जातो. त्या दिशेची जाडी मोजू नका.

उत्तर ३: त्याआधी सोपी खात्री: बाहेरचं जेल गरम पाण्याने धुवा, मग स्फटिक ईडीटीएत (कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या रसायनात) विरघळवा. जाळं उरलं, तर ते आतलंच.