'घरांवरून जाणे' मराठीत कसं आणायचं?

टिकली: आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात चित्रकार मार्क शागालचं 'विटेब्स्कवरून' (१९१४) हे चित्र आहे. बर्फानं झाकलेलं गाव, आणि वर आभाळात पाठीवर पोतं, हातात काठी घेऊन एक म्हातारा चाललाय. दारोदार भीक मागणाऱ्याला यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या भाषेत, 'एर गेय्ट इबर दी हायझर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'तो घरांवरून जातो'. शागालनं ते तस्सं रंगवलं. मी 'दारोदार फिरतो' लिहिलं की म्हातारा धप्पकन जमिनीवर!

शेंगदाणा: 'घरं पुजणे'! आजी विचारायची, "दुपारभर कुणाची घरं पुजत होतीस?"

टिकली: ते चकाट्या पिटत हिंडणं झालं. हा उपाशी आहे हो.

बोरूबहाद्दर: 'उंबरे झिजवणे' घ्या.

शेंगदाणा: उंबरा पायाखाली, छप्पर डोक्यावर. आणखीच खाली आणलंत त्याला.

शुद्धमती: आधी 'यिडिश' काढा. 'यहुदी भाषा' लिहा.

बोरूबहाद्दर: 'यिडिश'चा अर्थच 'यहुदी'. पण मग मराठीही यहुदी भाषाच की. अलिबागला आमचे शेजारी शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएली, कोकणातले यहुदी. यिडिशचा गंध नाही, भांडण अस्सल आगरी वळणाचं. इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलींनी मराठी नियतकालिक काढलं, नाव 'मायबोली'. यिडिशवालेही आपल्या भाषेला 'मामे-लोशन' म्हणतात.

शेंगदाणा: लोशन? हातापायाला लावायचं?

बोरूबहाद्दर: लोशन म्हणजे जीभ, भाषा. हिब्रूतून आलाय. 'मामे' म्हणजे आई.

शुद्धमती: एक शब्द इकडचा, एक तिकडचा. धेडगुजरी!

विमानतळ: न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये राहतो. खालच्या मजल्यावरची हसिदी, म्हणजे कर्मठ यहुदी पंथाची, पोरं जिन्यात यिडिशमध्येच भांडतात. 'चांगलं'ला 'गिट' म्हणतात. मी वर्गात 'गुट' शिकलो, तर सहा वर्षांचं पोर मला खो खो हसलं. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपनं २०२१ मध्ये यिडिश आणली तेव्हा उच्चार या पोरांसारखाच घेतला.

शुद्धमती: म्हणजे उद्या 'पानी' शिकवा!

विमानतळ: ज्यांच्या घरात पोरंबाळं ती भाषा बोलतात, त्यांचंच अशुद्ध? बाकी किती घरांत उरलीय?

शेंगदाणा: 'मामे' आणि आपला 'मामा' एकच असणार. आईकडचा!

बोरूबहाद्दर: तसं तर 'पापा' आणि 'पापड'ही.

टिकली: अहो, माझा म्हातारा अजून वरच आहे. उद्या मजकूर द्यायचाय.

शेंगदाणा: थांबा ताई, आधी 'मामेभाऊ' कुठून आला ते सांगते.