हुकूम नको, कायद्यात लिहा

'पोलिसांसाठी एवढे नवे नियम झाले, आता त्यांच्या घरच्यांची कुरकुर कशाला', हे काहींचं मत मला पटत नाही. आठ तासांची ड्युटी हा कायदा नाहीच. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात तिचा प्रयोग झाला, 2022 मध्ये महिला पोलिसांसाठी राज्यभर आदेश निघाला. आदेश फिरवायला विधानसभा लागत नाही. उलट 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायमच कामावर आहे असं समजायचं. सगळं तिथेच अडतं.

आमची वहिनी ठाणे शहरात पोलीस शिपाई आहे. टेंभी नाक्याचा नवरात्रातला बंदोबस्त लागला की तिचा धाकटा आमच्याकडे झोपतो, जिन्यात बूट वाजले की उठून दाराशी पळतो. नैमित्तिक रजा 12 च्या 20 झाल्या हे चांगलंच, पण सणात ती मंजूर कोण करणार?

आणि 1966 च्या केंद्रीय कायद्यामुळे पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. मग बोलायचं घरच्यांनीच ना? साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे तास 1951 च्या अधिनियमातच घाला. बंदोबस्तासाठी सुट्टी रद्द केली तर ती किती दिवसांत परत मिळेल, तेही त्यातच लिहा.