मदत हवी आहे: व्यायाम करून डोकं तरतरीत व्हायच्या ऐवजी जड का होतं?

घाईत_आहे
रोज सकाळी पळतोय. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की व्यायामाने मेंदू तल्लख होतो, मूड सुधारतो. माझं उलटंच. अकरा वाजले की डोकं जड, एकच मेल तीनदा वाचावा लागतो. घड्याळात हार्ट रेट ११८ च्या वर जातच नाही, म्हणून रोज वेग वाढवतोय. जीभ बाहेर येते, आकडा तिथेच. तो वर कसा न्यायचा एवढंच सांगा. आहारावर प्रवचन नको.

भटकभवानी
वय? कधीपासून पळताय? आधी काही करत होतात? झोप किती?

घाईत_आहे
४१. महिना झाला असेल. आधी काही नाही, खुर्ची. झोप साडेपाच तास, पण ती वर्षानुवर्षं तेवढीच आहे. तिचा काय संबंध?

वजनदार
पळणं सोडा, वजनं उचला. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, आणि जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर ओढून घेतात ते स्नायूच. बाकी सगळं नंतर.

भटकभवानी
आलं का बारबेल! अहो, त्यांचा प्रश्न डोक्याचा आहे. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंधित भाग, सुमारे २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. चालणाऱ्यांचा, उचलणाऱ्यांचा नाही.

वजनदार
नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तेवढी वाढ दिसलेली नाही, तेही सांगा की. आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्याच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगते. तो भाग सगळे सोयीस्कर गाळतात.

पायपीट
अवांतर: रोज १०,००० पावलांचा आकडा संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं.

घाईत_आहे
पावलं कोणी विचारली?

सदा_तरुण
गुडघ्यांसाठी पोहणं उत्तम. पाण्यात शरीराचा भार कमी पडतो.

घाईत_आहे
गुडघे ठणठणीत आहेत!! हार्ट रेट. हार्ट रेट.

पायपीट
२२० वजा वय, म्हणजे तुमचं कमाल १७९. त्याच्या ७० टक्के धरले तरी १२५. घड्याळाचा पट्टा सैल असेल, घट्ट करा.

रात्रपाळी
थांबा. कुठली गोळी चालू आहे का?

घाईत_आहे
बीपी वगैरे काही नाही. अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल घेतो रोज, पण ती डोकेदुखीची गोळी आहे.

रात्रपाळी
हाच तो संबंध. प्रोप्रानोलॉल बीटा-ब्लॉकर आहे. ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा परिणाम ती अडवते, त्यामुळे कितीही पळालात तरी ठोके एका मर्यादेपलीकडे सहसा जात नाहीत. २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं, आणि तुम्हाला तर लागूच नाही. तुम्ही गोळीशी शर्यत लावून रोज स्वतःला पिळून काढताय, वर साडेपाच तास झोप. अकरा वाजता डोकं कसं चालेल? या गोळीने काहींना थकवाही येतो.
घड्याळ काढून ठेवा. पळताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम वेग. आठवड्यात एक-दोन दिवस नुसतं चाला. गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर धडधड आणि बीपी उसळू शकतं. ज्यांनी दिली त्यांना थकव्याचं सांगा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा.

वजनदार
आणि जोडीला वजनं.

भटकभवानी
अहो, आधी झोपू द्या त्यांना! झोपेतच तर दिवसभरातलं शिकलेलं पक्कं होतं.

घाईत_आहे
डॉक्टरांची वेळ घेतली. महिनाभर वेग वाढवत बसलो आणि गोळीचं कोणी आधी विचारलं नाही.

पायपीट
तुम्ही सांगितली नाहीत.

घाईत_आहे
बरं. वजनं उचलताना श्वास रोखायचा की सोडायचा? घरात दोन डंबेल पडलेत.

वजनदार
उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. रोखून धरलात तर बीपी एकदम चढतं. डंबेल किती किलोचे? वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.