एम ४२ (मृगातला तेजोमेघ) स्टॅक केला की कोपरे पांढरे येतायत, अर्जंट मदत हवी आहे

चिंचोका
तीन रात्री याच्यामागे गेल्या, आता डोकं आउट झालंय. शनिवारी तोरण्याच्या पायथ्याला मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढले. एकावर एक रचून एकच फोटो करायला (म्हणजे स्टॅक) डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये घातले तर सुटा फोटो बरा म्हणायची वेळ. मधे काळपट आणि चारी कोपऱ्यांना चुना फासल्यासारखं. उजळवायला कर्व्ह ओढला की आणखी भयाण. कुठलं सेटिंग बदलू? रविवारी ग्रुपवर टाकायचाय.

गच्चीवाला
कॅमेरा? लेन्स? किती सेकंद, किती फोटो, रॉ (कॅमेऱ्याचा कच्चा डेटा) की जेपेग? नुसतं "दुखतंय" म्हटल्यावर डॉक्टर तरी काय सांगणार?

चिंचोका
६००डी, ५० एमएम, साधा ट्रायपॉड. ६ सेकंदांचे १२० फोटो, आयएसओ १६००. रॉच, अर्थात.

उंबरठा
म्हणजे सगळे मिळून जेमतेम १२ मिनिटं. त्यात काय हाती लागणार! ट्रॅकर घ्या, ताऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवणारा. मी घेतला आणि सुटलो.

गच्चीवाला
उंबरठा, प्रश्न कोपऱ्यांचा आहे हो. ट्रॅकरने कोपरे जातात का? आणि १२० फोटोंनी नॉइज (दाणेदारपणा) साधारण ११ पट खाली येतो, वर्गमूळाचा हिशोब. तेवढं सुरुवातीला पुष्कळ झालं.

फाटकी_छत्री
फुकटचं सॉफ्टवेअर सोडा, पिक्सइनसाइट घ्या.

उंबरठा
आधी ट्रॅकर, मग ते.

झिपऱ्या
इतकं ताणून रंग आणायचे तर तो फोटो खरा कसा? मला दुर्बिणीतून राखाडी धूरच दिसला होता.

गच्चीवाला
मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. तो लाल हायड्रोजनचा आहे, ६५६ नॅनोमीटरचा. उलट साध्या कॅमेऱ्यातला फिल्टरच तो बराचसा अडवतो.

कमळी
मोबाइलवर चंद्र नुसता पांढरा गोळा येतो. काय करू?

रात्रपाळी
चिंचोका, फ्लॅट (कोपऱ्यांचा अंधार भरून काढायला एकसारख्या उजेडाचे काढलेले फोटो) वापरलेत ना? कोपरे काळे आले असते तर गोष्ट वेगळी, पांढरे म्हणजे फ्लॅटचा उतारा जास्त झालाय. डार्क (झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे), बायस दिलेत का?

चिंचोका
फ्लॅट आहेत की. सकाळी लेन्सवर पांढरा बनियन ताणून ३० काढले, फोकस-अ‍ॅपर्चरला हात लावला नाही. डार्क राहिले, थंडी मरणाची आणि झाकण सापडेना. बायस काय ते कळलं नाही म्हणून सोडून दिलं.

रात्रपाळी
हे आधी सांगायचंत! कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये एक ठरावीक आकडा आपला मिळवून ठेवतो, तुमच्या मॉडेलला २०४८ च्या आसपास. तोच बायस. रात्रीच्या फोटोत खरा उजेड असतो थोडासाच. तो आकडा वजा न करता फ्लॅटने भागलं की कोपरे फाजील उजळतात. बायस आत्ता घरीही काढता येतील: झाकण लावा, व्ह्यूफाइंडरवर कापड टाका, आयएसओ १६०० च ठेवा, शटर १/४०००, असे ५० काढा.

उंबरठा
आणि डार्क? डार्कशिवाय स्टॅक म्हणजे मिठाशिवाय वरण.

रात्रपाळी
डार्कला तेवढाच गारवा हवा, तो आता कुठून आणणार? ६ सेकंदांना बायसवर भागतं.

चिंचोका
झाकण बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं. कोपरे गेले!!! पण आता पुण्याच्या बाजूने केशरी पट्टा उठलाय, आणि मेघाचा गाभा पांढराफटक.

रात्रपाळी
पट्ट्यासाठी स्टॅक सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाच्या नमुन्यांवरून पार्श्वभूमीचा उजेड वजा करणं) करा. नमुन्याचे चौकोन मेघावर पडले असतील तर काढून टाका, नाहीतर पट्ट्याबरोबर मेघही पुसला जाईल. गाभ्यासाठी एक सुटा रॉ उघडा. तिथेच जळलेला असेल तर पुढच्या अमावस्येला एकेका सेकंदाचे वेगळे काढा. तिथे ठीक असेल तर हा तुमच्या कर्व्हचा प्रताप.

चिंचोका
रॉमध्ये ठीक आहे. 😐

कमळी
माझ्या चंद्राचं राहिलंच.

गच्चीवाला
चंद्रावर बोट दाबून धरा, लॉक होईल. मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढा, डाग दिसेपर्यंत.