‘स्टॉर्म सर्ज’ला मराठीत काय म्हणावे? लाट, उधाण की आणखी काही

प्रश्न : चक्रीवादळाच्या इशाऱ्यांत येणाऱ्या ‘स्टॉर्म सर्ज’साठी मराठीत ‘वादळी लाट’, ‘तुफानी लाटा’, ‘समुद्राला उधाण’ असे निरनिराळे शब्द वाचायला मिळतात. यांपैकी अर्थाच्या दृष्टीने नेमका कोणता? हिंदीतला ‘महोर्मि’ घ्यावा का?

उत्तर : ‘लाट’ हा शब्द येथे टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लाट येते, फुटते आणि काही सेकंदांत मागे जाते. स्टॉर्म सर्जमध्ये समुद्राची पातळीच वर चढते आणि काही तास चढलेली राहते. लाटा त्या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन आणखी आत येतात. ‘ऊर्मी’ म्हणजेही लाटच, त्यामुळे ‘महोर्मि’ घेतल्याने शब्द जड होतो आणि चूक मात्र तशीच राहते.

पातळी चढते ती दोन कारणांनी. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो, आणि दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचे एकक) घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळाचा केंद्रीय दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे शंभराने खाली उतरला होता, म्हणजे या कारणाने फार तर एक मीटर पाणी चढले असेल. प्रत्यक्षात ते पाच ते सहा मीटर चढले आणि एरसमा भागातली गावेच्या गावे बुडाली. उरलेले सगळे काम वाऱ्याचे होते. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी तळाकडून परत फिरते, पण उथळ असेल तर त्याला परतायला वाव मिळत नाही आणि ते किनाऱ्याशी साचत जाते. बंगालच्या उपसागराचे टोक उथळही आहे आणि निमुळतेही. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाच्या वेळी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानले जाते, ती मुख्यतः या पाण्यानेच.

ज्यांनी हे भोगले त्यांच्या भाषांत त्यासाठी स्वतंत्र शब्द आहेत. बंगालीत ‘जलोच्छ्वास’ म्हणतात. तेलुगूत ‘उप्पेन’ म्हणतात, आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये कृष्णेच्या मुखाजवळ दिविसीमेत झालेला संहार आजही ‘दिविसीमा उप्पेन’ याच नावाने ओळखला जातो. दोन्ही शब्दांत पाणी फुगून वर येण्याची कल्पना आहे.

आपल्याकडे या कल्पनेच्या सर्वांत जवळचा शब्द ‘उधाण’ आहे, म्हणून मी ‘वादळी उधाण’ सुचवतो. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला उधाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उधाणाचे पाणी खाडीतून चढते, खारबंदिस्तीला, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड (भगदाड) पडते आणि खारे पाणी भातशेतीत शिरते. पाणी ओसरले तरी मीठ जमिनीत राहते आणि पुढची पिके जातात. मे २००९ च्या ‘आयला’ चक्रीवादळात सुंदरबनात बांध फुटून नेमके हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले.

शंका : उधाण तर अमावास्या-पौर्णिमेला येणारच. तिथीवर चालणाऱ्या गोष्टीचे नाव वादळाला दिले, तर लोक ‘हे नेहमीचेच’ म्हणून घरात बसून राहणार नाहीत का?

उत्तर : शंका रास्त आहे. उधाण-भांगाचे, म्हणजे मोठ्या आणि लहान भरत्यांचे, चक्र चंद्र-सूर्याच्या ओढीने चालते आणि त्याचे वेळापत्रक आधी छापता येते. वादळी उधाणाला तिथी नसते, ते असेल त्या पाण्यावर भर घालते. म्हणून ‘वादळी’ हे विशेषण कधीही गाळू नये आणि आकडा भरतीच्या वर किती, असाच द्यावा. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या वेळी हवामान खात्याने मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल भागांसाठी खगोलीय (म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीने येणाऱ्या नेहमीच्या) भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढण्याचा इशारा दिला होता. याचे ‘दोन मीटर उंच लाटा’ असे रूपांतर केले, तर कोळीवाड्यातल्या माणसाला त्यात नवल काय वाटणार? पावसाळ्यात तो त्याहून मोठ्या लाटा पाहतो. पण मुंबईत मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. त्यावर दोन मीटरची भर पडणे आणि तीच भर ओहोटीत पडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्थानही महत्त्वाचे असते. कोकणावर येणाऱ्या वादळात केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उत्तरेला उलट. त्यामुळे ‘संपूर्ण किनारपट्टीला’ असे सरसकट लिहिणे योग्य नाही.

चुकलेल्या शब्दाची किंमत फिलिपाइन्सने मोजली आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘हैयान’ वादळाच्या इशाऱ्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हे इंग्रजी शब्द होते. तिथल्या टाक्लोबान शहरातल्या अनेकांना त्यांचा अर्थ कळला नाही, आणि ‘त्सुनामी म्हटले असते तर आम्ही पळालो असतो’ असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. सहा हजारांहून अधिक माणसे त्या वादळात मेली. तरीही आपण ‘त्सुनामी’ वापरू नये, कारण ती समुद्रतळाच्या भूकंपासारख्या हालचालीने येते आणि तिच्या इशाऱ्यात वाऱ्याचा उल्लेख नसतो.

इशाऱ्याचा मजकूर असा असावा, असे मला वाटते : ‘दुपारच्या भरतीच्या पाण्यावर वादळी उधाणाने आणखी दीड मीटर पाणी चढण्याची शक्यता आहे. खाडीकाठच्या आणि बांधालगतच्या घरांत पाणी शिरेल व काही तास राहील. भरतीच्या आधी घरे सोडावीत.’