ऋचाचा प्रबंध आणि गेटसमोरच्या गाड्या (आमच्या सोसायटी ग्रुपवरून)

ऋचा बी ६०४: नमस्कार सगळ्यांना, माझं एमएचं शेवटचं वर्ष चालू आहे, पॉलिटिकल सायन्स. प्रबंधाचा विषय नेटवर्क गव्हर्नन्स आणि लोकशाही. आपल्या भागातल्या सोसायट्यांच्या फेडरेशनच्या मीटिंगला जाणारे, मोहल्ला कमिटीला कधी गेलेले, पालिकेच्या नागरिक बजेटचे फॉर्म भरलेले असे कुणी असाल तर थोडा वेळ द्याल का बोलायला? नावं कुठेही येणार नाहीत 🙏

कुलकर्णी काका ए १०२: हे नक्की काय असतं ते चार ओळीत सांग. पीडीएफ नको.

ऋचा बी ६०४: काका आपल्या पुण्यातला विद्यापीठ चौक घ्या. जुना उड्डाणपूल २०२० ला पाडला तो पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, वरून जाणारी हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो पीएमआरडीए आणि खासगी कंपनीची, वनाझची मेट्रो मात्र महामेट्रोची, बस पीएमपीची, ट्रॅफिक पोलिसांचं. सगळ्यांच्या वर बसलेला एक साहेब नाही, एकमेकांवाचून कुणाचं काम होत नाही म्हणून बोलून जमवायचं. त्यात आता आपल्यासारखी फेडरेशनं, एनजीओ, कंपन्या पण आल्या. असा कारभार म्हणजे नेटवर्क गव्हर्नन्स. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात रॉड ऱ्होड्स वगैरे लोकांनी यावर लिहिलं, कारण पंतप्रधान थॅचरबाईंच्या काळापासून तिथे कामं इतक्या संस्था-कंपन्यांत वाटली गेली होती की सरकार नेमकं बसतं कुठे तेच कळेना.

कुलकर्णी काका ए १०२: चार ओळी म्हणालो होतो. पण कळलं. मग यात लोकशाहीचा काय संबंध?

ऋचा बी ६०४: काम बिघडलं तर पुढच्या निवडणुकीत पाडायचं कुणाला, हा संबंध.

शिरीष (सेक्रेटरी): मी सांगतो माझा अनुभव, राग मानू नका कुणी. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, नंतर तीन वर्षांच्या वर नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात आमची कामं उलट पटापट झाली. डायरेक्ट साहेबांना फोटो पाठवायचा, स्ट्रीटलाइट असो नाहीतर फांद्या तोडणं असो, माणूस येऊन जायचा, मध्ये कुणाच्या हाता-पाया पडायला नको आणि फ्लेक्सवर कुणाचे फोटो पण नाहीत.

स्मिता मावशी सी ३०१: शिरीष तुझ्याकडे साहेबांचा नंबर होता म्हणून. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई मागच्या वस्तीत राहतात, त्यांच्याकडे मध्यंतरी किती दिवस गढूळ पाणी येत होतं, त्यांनी कुणाला फोटो पाठवायचा? आधी चार-पाच जणी मिळून नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायच्या. तो काही संत नव्हता पण मतं वस्तीत जास्त, आपल्याकडे मतदानाच्या दिवशी निम्मे लोक लोणावळ्याला, म्हणून तो त्यांचं ऐकायचा तरी.

शिरीष (सेक्रेटरी): 🙄 लोणावळ्याचा टोमणा कळला मावशी

सिक्युरिटी गेट: टँकर आला आहे पांढरी स्विफ्ट कोणाची आहे काढा

ऋचा बी ६०४: मावशी, हे जसंच्या तसं वापरू का प्रबंधात? कारण माझा मुद्दा हाच आहे. डेन्मार्कला रोस्किल्ड विद्यापीठात एव्हा सोरेन्सन आणि याकोब टॉर्फिंग म्हणून दोघं अभ्यासक आहेत, त्यांनी २००५ मध्ये मांडलं की नेटवर्क आपोआप लोकशाहीविरोधी नसतं आणि आपोआप लोकशाहीवादी पण नसतं, ते लोकशाहीला किती घट्ट बांधलंय ते बघायचं. त्यासाठी चार गोष्टी तपासायच्या. निवडून आलेल्यांचा त्यावर काही अंकुश आहे का, त्यात बसणारे ज्यांच्या नावाने बसतात त्यांचे खरंच प्रतिनिधी आहेत का, ज्या एरियावर परिणाम होतो तिथल्या सगळ्या लोकांना ते जाब देतात का, आणि आतलं कामकाज लोकशाही पद्धतीने चालतं का. मी हे चार प्रश्न घेऊन पुण्यातली एकेक व्यवस्था बघतेय.

कुलकर्णी काका ए १०२: स्मार्ट सिटी बघ आधी. औंध बाणेर बालेवाडी.

ऋचा बी ६०४: बघितली काका, एक अख्खं प्रकरणच आहे त्यावर. २०१५ ची योजना, देशात १०० शहरं, प्रत्येक शहरात वेगळी कंपनी काढायची, त्यात राज्य आणि पालिका निम्मे-निम्मे भागीदार. पुण्याच्या कंपनीवर महापौर वगैरे संचालक होते पण अध्यक्षपद राज्याच्या आयएएस अधिकाऱ्याकडे. म्हणजे पहिल्या प्रश्नावर अर्धे मार्क. मग पालिकेचीच मुदत संपली, महापौरच राहिले नाहीत, म्हणजे ते अर्धे पण गेले, आणि मला जे खटकतं ते हे की कंपनीचं काम त्यामुळे काही थांबलं नाही. निवडून आलेल्यांवाचून एखादी व्यवस्था आरामात चालत असेल तर त्यांना तिथे ठेवलं होतं ते कशासाठी?

कुलकर्णी काका ए १०२: नागरिक बजेटचा माझा अनुभव लिहून घे. मी बाकांसाठी फॉर्म भरला होता बागेजवळ. बाक आले. त्यावर मोठ्या अक्षरात माननीयांचं, म्हणजे नगरसेवकांचं नाव, संकल्पना अमुक तमुक. संकल्पना माझी होती 😀

ऋचा बी ६०४: हाहा काका हे नक्की घेणार. २००६ पासून चालू आहे ते पुण्यात, पाच लाखांपर्यंतची छोटी कामं नागरिकांनी सुचवायची आणि प्रभाग समितीत माननीयांनी मंजूर करायची. म्हणजे तिथे अंकुश आहे निवडून आलेल्यांचा, फारच आहे म्हणा हवं तर.

स्मिता मावशी सी ३०१: चांगलं उदाहरण पण लिही गं, नाहीतर सगळं रडगाणं होईल. आपल्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई. पालिका, त्यांची सहकारी संस्था आणि आपण सोसायट्या, तिघांचं मिळून चालतं ना ते? महिन्याचे पैसे आपण त्यांच्या हातात देतो.

ऋचा बी ६०४: हो मावशी, आणि चारही प्रश्नांना त्यातल्या त्यात बरं उत्तर तिथेच मिळतं. आधी १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरावेचकांची युनियन, त्यातून मग पुढे स्वच्छ आली आणि पालिकेशी करार झाला. संस्था कचरावेचकांच्याच मालकीची, त्यामुळे त्यांच्या नावाने जो बोलतो त्याला त्यांना उत्तर द्यावं लागतं. पण करार पालिकेच्या हातात. २०२० च्या शेवटी तो संपला तेव्हा पुढे काय ते धड ठरत नव्हतं, थोडी थोडी मुदतवाढ देत चाललं आणि बायकांना रस्त्यावर यावं लागलं. टेबलावर सगळे बसलेले असतात पण उठवण्याची ताकद एकाकडेच असते, हे नेटवर्कवाल्या थिअरीत लोक विसरतात असं माझं मत.

शिरीष (सेक्रेटरी): विषयाला धरून एक सूचना देतो. शनिवारी फेडरेशनची क्षेत्रीय कार्यालयाच्या साहेबांबरोबर मीटिंग आहे, मेन गेटसमोरच्या भाजी आणि वडापावच्या गाड्या हलवण्याबाबत. आपल्या सोसायटीचा पाठिंबा मी कळवतोय.

अनिकेत बी २०३: दादा कुणाला विचारून कळवताय? मी रोज भाजी तिथूनच घेतो, ऑफिसातून येईपर्यंत बाकी सगळं बंद झालेलं असतं

शिरीष (सेक्रेटरी): अनिकेत तुम्ही भाडेकरू आहात, बायलॉजप्रमाणे मत मेंबरचं असतं. पर्सनल घेऊ नका.

अनिकेत बी २०३: पर्सनल नाही घेत, मेंटेनन्स मात्र दर महिन्याला घेता

ऋचा बी ६०४: शिरीषदादा, खोचकपणे नाही, खरंच विचारतेय. मगाचे चार प्रश्न आपल्या फेडरेशनला लावले तर? तुम्हाला तिथे पाठवायचं हे एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरलं होतं का?

शिरीष (सेक्रेटरी): ठरलं कसलं. कुणी तयार नव्हतं म्हणून मी जातो, रविवार माझे जातात. एजीएमला कोरम होत नाही, अर्धा तास थांबून त्याच हॉलमध्ये तहकूब सभा घेतो आपण दरवर्षी, आणि आता सगळ्यांना लोकशाही आठवली.

स्मिता मावशी सी ३०१: हे मात्र खरं आहे हो त्याचं.

ऋचा बी ६०४: मान्य दादा, आणि तुम्ही जाता म्हणून निदान काहीतरी होतं. पण गाड्यांच्या बाबतीत कायद्यानेच एक नेटवर्क घालून दिलंय. २०१४ चा पथविक्रेता कायदा. शहरात पथविक्रेता समिती, अध्यक्ष पालिका आयुक्त, त्यात कमीत कमी ४० टक्के लोक विक्रेत्यांनी स्वतः मतदान करून निवडलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका, शिवाय पोलीस असतात आणि आपल्यासारख्या रहिवासी संघटना पण. गाड्या कुठे चालतील कुठे नाही हे त्या समितीशी बोलून ठरायला हवं. शनिवारच्या मीटिंगला फेडरेशन असेल, साहेब असतील, गाडीवाला एकही नसेल. काम होऊनही जाईल कदाचित, पण ज्याची गाडी उचलली तो कुणाला विचारणार? साहेब म्हणतील नागरिकांची मागणी होती. नागरिक म्हणजे आपण, आणि आपल्याला त्याने मत दिलेलं नाही, पाडणार कसा?

कुलकर्णी काका ए १०२: पण ऋचा, मतं देऊन तरी कुठे जाब विचारता येतो. एका प्रभागात चार-चार नगरसेवक. एकाला विचारलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ऋचा बी ६०४: बरोबर काका. म्हणून नगरसेवक आले की सगळं लोकशाही झालं असं मी लिहिणार नाहीये.

शिरीष (सेक्रेटरी): ठीक आहे. पाठिंबा कळवणं तूर्त थांबवतो. शनिवारच्या आधी गाडीवाल्यांपैकी दोघा-तिघांशी बोलतो, त्यांचं कुणी येत असेल तर घेऊन जातो. पण सकाळी स्कूलबस थांबते तिथली जागा मोकळी पाहिजे म्हणजे पाहिजे, मागच्या महिन्यात एक पोरगं गाडीखाली येता येता वाचलंय, त्यावर चर्चा नाही.

अनिकेत बी २०३: त्याला कोण नाही म्हणतंय दादा. सकाळी तसंही भाजीवाले दहाशिवाय येत नाहीत, वडापाववालाच लवकर असतो. त्याच्याशी मी बोलू का? ओळख आहे.

शिरीष (सेक्रेटरी): बोला की. आणि तुम्हीच चला शनिवारी, मत नसलं तरी तोंड आहे.

ऋचा बी ६०४: मी पण येऊ का? बोलणार नाही, कोपऱ्यात बसून लिहून घेईन फक्त.

शिरीष (सेक्रेटरी): ये. अध्यक्ष विचारतील ही कोण, कुणी पाठवली म्हणून.

कुलकर्णी काका ए १०२: त्यांना कुणी पाठवलंय ते विचार.

शिरीष (सेक्रेटरी): काका तुम्ही पण या मग. शनिवार, साडेदहा. आणि पांढरी स्विफ्ट अजून तिथेच आहे, टँकरवाला शिव्या घालतोय.