आधी तळाचा पत्रा बघा, किचन नंतर

तीस हजार पौंडांत जुनी नॅरोबोट (कालव्यातली अरुंद, लांब बोट) घेऊन लंडनजवळ तिच्यात राहायचं म्हणताय, आणि एकांनी तुम्हाला सांगितलंय की आतलं लाकूडकाम चांगलं असलं की झालं. मला नाही पटत. स्टोव्ह, किचन हळूहळू करता येतं. पैसा खातो तो तळाचा पत्रा.

बोट पाण्याबाहेर काढायला लावा आणि तुम्ही स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून पत्र्याची जाडी मोजून घ्या. विकणाऱ्याकडचा जुना रिपोर्ट चहा पिताना वाचायला ठीक. जाहिरातीतलं १०/६/४ म्हणजे तळ १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४, पण हे बांधतानाचं माप! जुन्या बोटींचा तळ मुळातच पातळ असू शकतो. पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला की बऱ्याच विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत. मग ओव्हरप्लेटिंग, म्हणजे जुन्या पत्र्यावर नवा पत्रा जोडणं, आणि त्याचे हजारो पौंड. इसार देतानाच 'सर्व्हे समाधानकारक असेल तर' ही अट लेखी घ्या.

राहायची परवानगी असलेलं मूरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची ठरलेली जागा, लंडनकडे महाग, शिवाय सहजी मिळत नाही. ते नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे साधारण १४ दिवसांनी जागा बदलत राहायची, आणि २०२४पासून अशा बोटींच्या लायसन्सवर अधिभारही आहे. मुलांची शाळा असेल तर हे आधी ठरवा.

सत्तरफुटी स्वस्त दिसली तरी भुलू नका, लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या बऱ्याच लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या पाण्याच्या कप्प्यांत) ती मावत नाही. ५७ फूट जवळपास सगळीकडे जाते.

आणि हो, दर चार वर्षांचं बोट सेफ्टी सर्टिफिकेट गॅस, वायरिंग, इंधन असल्या गोष्टींचं असतं. तळ सडलाय का, हे त्यातून कळत नाही.